बाप जिवंत असतानाच वावराचे कागद: आधी काय, मग काय

विदर्भात तहसीलसमोर माझं छोटं सेवा केंद्र आहे. सातबारा काढून देणे, अर्ज लिहिणे, फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) ऑनलाइन टाकणे, दिवसभर हेच. पेरणी आटोपली की आणि परत कापूस-सोयाबीनचे पैसे हातात आले की वाटणीवाले यायला लागतात. हातात स्टॅम्प (आधी शंभराचा असायचा, आता पाचशेचा आणतात), त्यावर "आम्ही आपसी राजीखुशीने", खाली चार पंचांच्या सह्या, नोटरीचा लाल शिक्का, आणि म्हणतात दादा हे सातबाऱ्यावर चढवून द्या. चढत नाही ना बाप्पा. नोटरी म्हणजे फक्त सही तुमचीच आहे एवढं, त्यानं मालकी हलत नाही.

बरं, कागद चुकीचा असतो हे अर्धंच. क्रम उलटा असतो हे जास्त. आधी भांडण मिटवतात, मग स्टॅम्प घेतात, मग सातबारा काढतात, आणि तिथं आजोबाचंच नाव निघते. म्हणून क्रमानं लिहितो. हे हिंदू कुटुंबांसाठी आहे (बौद्ध, जैन, शीख यांनाही तोच कायदा लागतो). मुस्लिम घरात वाटे वेगळे असतात आणि बाकी वारस राजी नसतील तर मृत्युपत्रानं एक तृतीयांशच्या वर देता येत नाही. आदिवासी बांधवांना, म्हणजे मेळघाट, गडचिरोली, यवतमाळकडचे गोंड, कोरकू, कोलाम, हिंदू वारसा कायदा सरळ लागू नाही, तिथं रूढी बघतात आणि जमीन बिगरआदिवासीकडे द्यायला कलेक्टरची परवानगी लागते. त्यांनी आधी वकील गाठावा.

१. घरी बसून कागद जमा करा, तहसीलला अजून जायचं नाही

बापाच्या नावाचे जेवढे गट असतील तेवढ्या सगळ्यांचा सातबारा, आणि एक ८-अ. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयात निघतो, जुना पिवळा पडलेला कागद घेऊन बसू नका. ८-अ यासाठी की एकाच गावात बापाच्या नावावर किती तुकडे आहेत ते एका जागी दिसते, बरेचदा पोरांना माहीतच नसते की नाल्याकडचा वीस गुंठ्याचा तुकडाही आपलाच आहे.

मग सातबाऱ्यावर जे फेरफार नंबर लिहिलेले असतात ते एक एक काढा. जमीन कशी आली हे तिथंच कळते, खरेदीनं, वारसानं, वाटणीनं की आणखी कशानं. खरेदी असेल तर खरेदीखताची नक्कल. नागपूर विभागात १९५४-५५ चा अधिकार अभिलेख (जमीन कोणाच्या हक्काची होती त्याची जुनी सरकारी नोंद) काढून ठेवला तर पुढचे अर्धे वाद तिथंच बसतात.

गावातलं घर विसरू नका. त्याचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढा, आणि गावात ड्रोनची मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक. सातबाऱ्यात घर येत नाही, त्यामुळे वाटणीत ते नेहमी राहून जाते आणि मग भाऊ ओसरीवरून भांडतात.

हे तपासा:
- नाव आधार कार्डासारखंच आहे का. "रामभाऊ" आणि "रामराव" एकच माणूस आहे हे नंतर तुम्हालाच सिद्ध करावं लागते.
- भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २. वर्ग २ असेल तर विकायला, बक्षीस द्यायला बहुतेक वेळा आधी परवानगी लागते.
- सातबाऱ्याच्या "इतर अधिकार" रकान्यात गावच्या सहकारी सोसायटीचा की बँकेचा बोजा (कर्ज) आहे का. बोजा असला तर वारसाचं नाव चढत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, नाव चढते, पण बोजाही सोबत येतो.

थांबा. सातबाऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव असेल तर इथून पुढं काहीच करू नका, आधी त्याचे वारस चढवा (कसं ते टप्पा ७ मध्ये). २०२५ मध्ये सरकारनं यासाठी "जिवंत सातबारा" मोहीम काढली होती, सुरुवात आपल्या बुलडाणा जिल्ह्यातूनच झाली, एवढी मेलेल्यांची नावं पडून होती. मोहीम नसली तरी अर्ज कधीही करता येतो.

२. जमिनीचे ढीग पाडा

पहिला ढीग बापानं स्वतःच्या पैशानं घेतलेली. ती तो कोणालाही देऊ शकतो, एका पोराला, पोरीला, देवस्थानाला, कोणाचीच सही नको. पोरं म्हणतात "आमचा हक्क आहे", तर बाप जिवंत आहे तोवर या ढिगात त्यांचा काही हक्क नाही, कडू वाटलं तरी.

दुसरा वडिलोपार्जित, म्हणजे एकत्र कुटुंबाची. यात पोराइतकाच पोरीचाही जन्मापासून वाटा आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून कायदा बदलला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टानं विनिता शर्मा प्रकरणात सांगून टाकलं की त्या तारखेला बाप जिवंत नसला तरी पोरीचा वाटा जात नाही. लग्न झालं, हुंडा दिला, बाळंतपणं केली, याचा इथं काही संबंध नाही. फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल तर ती उकरता येत नाही. "तेव्हा तोंडी वाटणी झाली होती" एवढ्यावर मात्र भागत नाही, त्या काळचा सरकारी कागद दाखवावा लागतो.

तिसरा ढीग फसवा आहे. आजोबा १९५६ नंतर (म्हणजे हिंदू वारसा कायदा आल्यावर) मेला आणि त्याची स्वतःची जमीन बापाकडं वारसानं आली, तर ती आजोबाची म्हणून आपोआप वडिलोपार्जित होत नाही, कोर्ट तिला बापाची स्वतःचीही धरते. गावात सगळे छाती ठोकून "आज्याची म्हणजे वडिलोपार्जितच" म्हणतात आणि केसा हरतात. या ढिगासाठी फेरफार घेऊन वकिलाकडे जा, तिथं दिलेली फी वाया जात नाही.

३. वारसांची यादी, कोणालाही न गाळता

कोऱ्या कागदावर वंशावळ काढा. मृत्युपत्र न करता माणूस गेला तर पहिल्या फळीत येतात त्याची बायको, पोरं, पोरी आणि त्याची माय. माय सगळे विसरतात. नवरा गेला, सासू जिवंत आहे, तर सासूचा सुनेइतकाच वाटा आहे. बाप मात्र पहिल्या फळीत नाही.

आधीच मेलेल्या पोराची विधवा आणि लेकरं, मेलेल्या पोरीची लेकरं, ही पण येतात. विधवा सुनेनं नंतर दुसरं लग्न केलं म्हणून तिला मिळालेला वाटा परत जात नाही. पहिली बायको असताना दुसरी केली असेल तर दुसरीला वाटा नाही, पण तिच्या लेकरांना बापाच्या वाट्यात आहे, सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये परत तेच सांगितलं. ही नावं घरच्यांना आवडत नाहीत, मला माहीत आहे, एका घरात तर माझ्यासमोर म्हाताऱ्यानं यादीतून नाव खोडलं आणि म्हणे "थे नाव लिवू नको". मी म्हटलं, काका, मी नाही लिवलं तरी थो उद्या येऊनच उभा राहते.

४. आता कुठं ठरवायचं, कागद कोणता

बापाची स्वतःची जमीन आहे आणि मरेपर्यंत हातात ठेवायची आहे: मृत्युपत्र. स्वतःची आहे आणि आत्ताच नावावर करून द्यायची आहे: बक्षीसपत्र. वडिलोपार्जित आहे आणि सगळे राजी आहेत: वाटणी. वारस चढून गेले आणि एखाद्याला आपला वाटा सोडायचा आहे: हक्कसोडपत्र.

हक्कसोडीचं इथंच सांगून टाकतो कारण सगळ्यात जास्त घोळ त्यातच. बाप जिवंत असताना त्याच्या स्वतःच्या जमिनीचं हक्कसोड पोरीकडून घेतात. ज्या गोष्टीत तिचा हक्क अजून आलाच नाही तो ती सोडणार कशी? तो कागद फुकट. वडिलोपार्जितमधला सोडता येतो, पण नोंदणी दुय्यम निबंधकाकडेच (जिथं खरेदीखत नोंदतात तिथं), पटवाऱ्यासमोर साध्या कागदावर नाही. आणि तेरवीच्या दिवशी बहिणीला बसवून सह्या घेऊ नका, ती नंतर कोर्टात म्हणते मला वाचून दाखवलं नाही, आणि बरेचदा खरंच दाखवलेलं नसते. बहिणींनो, तुमच्यासाठी उलटं: एकदा नोंदलेलं हक्कसोड परत फिरवणं फार कठीण आहे, साडीचोळीवर सही करू नका.

५. मृत्युपत्र

स्टॅम्प लागत नाही, साध्या कागदावर चालते. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी करायलाच सांगतो, कारण नोंदणी असली की "बुढा तेव्हा शुद्धीवर नव्हता" हे म्हणणं अवघड जाते. क्रम असा:

१. मजकुरात आधीची सगळी मृत्युपत्रं रद्द केल्याची ओळ टाका.
२. गट नंबर, मौजा, तालुका, क्षेत्र, चतुःसीमा सातबारा समोर ठेवून लिहा. "नाल्याकडचं वावर मोठ्याला" असं लिहिलं की झालं, नाल्याकडं दोन वावरं निघतात.
३. ज्याला देत नाही त्याचंही नाव घ्या आणि का देत नाही ते एका ओळीत लिहा. नाव घेतलं नाही की तो म्हणतो बापाला माझी आठवणच नव्हती, म्हणजे डोकं ठिकाणावर नव्हतं.
४. बायकोचं पक्कं करा. "पोरं सांभाळतील" असं लिहू नका, तिच्या नावानं एक तुकडा लिहा किंवा हयातभर उत्पन्न तिचं असं स्पष्ट लिहा.
५. त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट, की माणूस शुद्धीत आहे.
६. दोन साक्षीदार. दोघांनी बापाला सही करताना बघायचं आणि बापासमोर आपली सही करायची. वयानं तरुण घ्या, बापाच्या वयाचे घेतले तर सांगायला कोणी उरत नाही. ज्याला जमीन मिळणार तो किंवा त्याची बायको साक्षीदार नको.
७. मग दुय्यम निबंधक कार्यालय, साक्षीदारांना सोबत घेऊनच.

लक्षात ठेवा: मृत्युपत्र बाप मेल्यावरच जिवंत होते. तो जिवंत आहे तोवर कितीही वेळा बदलू शकतो, त्यामुळे त्यावर आत्ता फेरफार मागू नका. वडिलोपार्जित जमिनीत बाप फक्त आपल्या वाट्यापुरतं मृत्युपत्र करू शकतो, पूर्ण सातबाऱ्याचं नाही. प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्कामोर्तब) विदर्भात सक्तीचं नाही, कोणी त्याच्या नावावर पैसे मागत असेल तर दुसरा वकील बघा.

बक्षीसपत्र करत असाल तर

नवरा, बायको, पोरगा, पोरगी, नातू, नात, मेलेल्या पोराची बायको, यांना शेती किंवा राहतं घर द्यायचं असेल तर मुद्रांक २०० रुपये. वरून स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी असते, त्याचा हिशोब आधी काढून घ्या, ऐनवेळी पैसे कमी पडून परत आलेले लोक मी पाहिले आहेत. सून जिवंत पोराची असेल तर ती या यादीत नाही, पोराच्या नावानं करा.

आता खरं महत्त्वाचं. बक्षीसपत्र झालं की जमीन गेली, बाप पाहुणा झाला. म्हणून त्यातच अट लिहा की घेणाऱ्यानं माय-बापाला हयातभर जेवण, दवाखाना, राहायला जागा द्यायची, आणि नाही दिली तर बक्षीस रद्द. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ६० च्या वरचा माणूस उपविभागीय अधिकाऱ्याकडे अर्ज करून असं बक्षीस रद्द करून घेऊ शकतो. अट लिहिलेली नसली तर ती होती हे म्हाताऱ्याला सिद्ध करत बसावं लागते. तयार फॉर्मॅटमध्ये ही अट बहुतेक नसते, लिहिणाऱ्याला सांगून टाकून घ्या आणि सही करायच्या आधी ती ओळ बोट ठेवून वाचा. एका मायनं माझ्याकडून झेरॉक्स काढली होती, चार पानांत "प्रेमापोटी" तीनदा आणि भाकरीचा शब्द एकदाही नाही.

६. वाटणी

सगळे सहधारक राजी असतील तर तहसीलदाराकडे जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली अर्ज. सोबत सातबारे, ८-अ, वंशावळ, सगळ्यांची संमती आणि कच्चा नकाशा, कोण कुठल्या बाजूनं. एक जण जरी राजी नसला किंवा हिश्श्याबद्दलच वाद असेल तर तहसीलदार करू शकत नाही, दिवाणी कोर्टात दावा. "साहेबाला भेटून करून देतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

नकाशा काढताना नुसते एकर वाटू नका. चार भावांत आठ एकर, दोन दोन एकर, हिशोब बरोबर, पण एकाला काळी कसदार आणि दुसऱ्याला मुरमाड बरड. धुऱ्यावर (बांधावर) उभं राहून ठरवा, चहा घेत ओसरीवर नाही. आणि या गोष्टी लिहून घ्याच:

- विहिरीत कोणाचा किती हिस्सा, आणि पाण्याची पाळी कोणत्या वारी कोणाची. उन्हाळ्यात पाणी खाली गेल्यावर काय ते पण.
- मोटारपंपाचं मीटर कोणाच्या नावानं राहणार, बिल कोण भरणार.
- मागच्या हिस्सेदाराला बैलबंडी, ट्रॅक्टर न्यायची वाट, किती फूट रुंद, कोणत्या धुऱ्यानं. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं या एका ओळीची आहेत, वाटणी होऊन दहा वर्षं झाली, आता पुढच्यानं तारा लावल्या.
- धुऱ्यावरची झाडं, आंबा, मोह, सागवान.
- सोसायटीचं कर्ज कोणाच्या वाट्याला. बँक तुमची वाटणी मानत नाही, तिला कर्ज फिटलं पाहिजे, त्यामुळे आधी सोसायटीत बोला.
- माय-बापासाठी वेगळा तुकडा. सगळं वाटून टाकून "चार चार महिने एकेकाकडे राहतील" हे लिहूच नका.

आदेश झाला म्हणजे काम झालं असं नाही. आदेश, मग फेरफार, मग भूमी अभिलेखची मोजणी, मग नकाशावर पोटहिस्सा (ज्याचा त्याचा वेगळा तुकडा). लोक फेरफारावर थांबतात, मोजणी करत नाहीत, आणि धुरा दर पावसाळ्यात फूटभर सरकते.

जमीन एकट्या बापाची स्वतःची असेल तर ती वाटणी नव्हेच, ते बक्षीसपत्र आहे, वर बघा.

७. माणूस गेल्यावर

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो, मग चकरा. दाखल्यावरचं नाव सातबाऱ्यासारखंच घाला, तिथं "उर्फ" लागत असेल तर आत्ताच लावा. पाच-सहा प्रती घ्या.

मग वारस नोंद. कायद्यानं तीन महिन्यांत खबर द्यायची असते, उशीर झाला तरी नोंद होते. अर्ज पटवाऱ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन. सोबत मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं-वयं-पत्ते, आधार, रेशन कार्ड, शपथपत्र. मृत्युपत्र असेल तर तेही आत्ताच लावा, सगळ्यांची नावं चढल्यावर पेटीतून काढू नका. पुढं वारस नोंदवहीत नोंद, फेरफार, नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकारी मंजूर करतो. अर्ज टाकून घरी बसू नका, "आपली चावडी" या सरकारी वेबसाइटवर गावाचं नाव टाकून बघत राहा, नोटीस तिथं दिसते. कोणी गपचूप तुमचं नाव गाळून अर्ज केला असेल तर तेही तिथंच दिसते, आणि १५ दिवसांत लेखी हरकत दिली की तो वादग्रस्त फेरफार होतो, सरळ मंजूर होत नाही.

बँकेतला नॉमिनी मालक नसतो. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क सगळ्या वारसांचा. नॉमिनी नसला आणि रक्कम मोठी असली तर बँक कोर्टाचं वारसा प्रमाणपत्र मागते. आणि बापाचं कर्ज पोरांच्या अंगावर येते ते त्याच्याकडून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतंच, सावकार स्वतःच्या कमाईवर हात टाकायला लागला तर त्याला हे सांगा.

८. लेकरं अठराच्या खाली असतील तर

हा टप्पा तरुण विधवांसाठी, आपल्याकडं त्या किती आहेत हे सांगायला नको.

नवरा गेला की सासरचे म्हणतात नाव काऊन लावते, आम्ही आहोत ना. लावा. स्वतःचं पण आणि लेकरांचं पण. लेकरांच्या नावापुढं "अ.पा.क." म्हणून मायचं नाव येते, म्हणजे अज्ञान (अठराच्या खालच्या) लेकराचा पालनकर्ता. तिथं काका किंवा आजोबा लिहू देऊ नका, बापानंतर नैसर्गिक पालक माय आहे.

लेकराच्या नावावरची जमीन माय किंवा कोणीही जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकू शकत नाही, गहाण ठेवू शकत नाही, बक्षीस देऊ शकत नाही. लेकराच्या वतीनं हक्कसोडही नाही. हे सांगूनही लोक करतात, कारण दवाखाना असतो, कर्ज असते. मग पोरगा अठराचा झाला की तीन वर्षांत तो विक्री रद्द करायला कोर्टात जाऊ शकतो आणि घेणारा बोंबलतो. घेणाऱ्यांनीही सातबाऱ्यावर "अ.पा.क." दिसलं की कोर्टाचा आदेश मागावा.

शेवटचं काम जे कोणीच करत नाही: पोरगं अठरा पूर्ण झालं की जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून "अ.पा.क. शेरा कमी करणे" असा अर्ज पटवाऱ्याकडे द्या. नाही दिला तर पीक कर्जाच्या वेळी बँकवाला तेवीस वर्षाच्या पोराला म्हणतो मायले घेऊन ये. फेरफार मंजूर झाल्यावर ताजा सातबारा काढून नाव बघा, आणि सगळ्या कागदांचा एक झेरॉक्स सेट सासरी गेलेल्या पोरीकडं ठेवा, घर गळलं, जळलं किंवा भावात फूट पडली तरी तो सेट बाहेर असतो.